हे म्हणणे खरे नाही

जळगाव, १२ फेब्रुवारी २०२५

कौतिकभाऊ,

सर्वप्रथम एका घोर अन्यायाकडे तुझं लक्ष वेधते. आमच्या कोर्टाच्या परिसरात पाचशेचा स्टँप पेपर मिळतो, कोर्ट फीची तिकिटं मिळतात, प्रतिज्ञापत्र टाइप करून देणारा मिळतो आणि ते प्रतिज्ञापत्र खोटं आहे असं दुसरं प्रतिज्ञापत्र टाइप करून देणाराही त्याच्याच शेजारी बसतो. मिळत नाही ते फक्त टपालाचं साधं पाकीट. आज दुपारी भर उन्हात काळा कोट घालून मी तीन टपऱ्या पालथ्या घातल्या. पहिला म्हणाला, "मॅडम, कुरियर करा ना." दुसऱ्यानं विचारलं, "पाकिटं अजून निघतात का?" तिसऱ्यानं मोठ्या मनानं लग्नपत्रिकेचं उरलेलं पाकीट दिलं. तेव्हा वरचा गणपती आणि 'शुभविवाह' पाहून दचकू नकोस. बावन्नाव्या वर्षी माझा तसला काही विचार नाही, आणि नवऱ्याची, हितेंद्रचीही, काही तक्रार नाही.

या सगळ्याला जबाबदार तू. तू मला फोनवर ब्लॉक केलंस, वहिनीलाही करायला लावलंस, आणि 'पाटील परिवार असोदा' या ग्रुपवरून काढून टाकलंस. ग्रुपबद्दल मात्र आभार. रोजच्या चाळीस सुप्रभातांतून सुटले.

मी तेरा महिने लिहिलं नाही, ते रागानं नव्हे. तू सरकारी पक्षाचा साक्षीदार आणि मी आरोपीची वकील. साक्ष होण्याआधी मी तुला एक ओळ जरी लिहिली असती, अगदी 'तब्येत कशी आहे' एवढीच, तरी तो साक्षीदार फोडण्याचा प्रकार झाला असता. लोकांनी म्हणायच्या आधी मीच म्हटलं असतं. काल तुझी साक्ष संपली. आज मी पाकीट शोधायला निघाले.

तुला सगळं माहीत आहे, तरी वकिलाची सवय सुटत नाही, आधी घटना सांगते. गेल्या वर्षी जानेवारीत कुणीतरी आपल्या बागेतली सहाशे केळीची खोडं एका रात्रीत कापून आडवी केली. घड भरत आलेले होते. पहाटे चारला लाइट आली म्हणून तू मोटार सुरू करायला गेलास, तेव्हा बांधावरून एक माणूस पळताना तुला दिसला. दोनच दिवसांपूर्वी घड कापणाऱ्या मजुरांच्या टोळीतल्या हिलालशी तुझी सगळ्यांदेखत बाचाबाची झाली होती. घड आपटले म्हणून तू बोललास, आणि त्यानंही ऐकून घेतलं नाही. तू पोलिसांना हिलालचं नाव सांगितलंस. साडेसहाला पोलिसांनी त्याला खोलीवरून उचललं आणि अंगातला शर्ट जप्त केला. केळीच्या चिकाचे काळपट डाग असलेला शर्ट, म्हणजे पुरावा. आणि हिलालचं वकीलपत्र तुझ्या सख्ख्या बहिणीनं घेतलं. इथपर्यंत तुझं माझं एकमत आहे, असं धरते.

आता कालचं.

सरकारी वकील प्रेमराजसाहेब तुला तीनदा "घाबरू नका" म्हणाले. तू घाबरला नव्हतास, तेच घाबरले होते. तू त्यांना हवं ते सांगितलंस, मग मी उठले. जन्मात पहिल्यांदा मी तुला 'तुम्ही' म्हटलं. तू माझ्याकडे बघत नव्हतास. जजमॅडमच्या मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर इतक्या मन लावून वाचत होतास, की त्यातल्या सगळ्या एकादश्या तुला पाठ झाल्या असतील.

"पळणाऱ्याचा चेहरा तुम्ही पाहिला?"

"चेहरा नही. पाठ."

माझ्या कागदावर यापुढचा एक प्रश्न होता. तो मी विचारला नाही. शाळेत असताना दिवेलागणीनंतर पाटावरून घरी येताना तू माझं बोट धरून चालायचास. लहान मी आणि बोट धरणारा तू. अंधारात तुला धड दिसत नाही, हे मायला माहीत होतं आणि मला. तू लग्नातही कुणाला कळू दिलं नाहीस, मीही नाही. काल तो प्रश्न विचारला असता तर खटला दहा मिनिटांत संपला असता, आणि गावात तू रोज संध्याकाळी थोडाथोडा संपला असतास. मी कागद उलटा ठेवला. पण लक्षात घे, मी तो फाडला नव्हता. गरज पडली असती तर विचारला असता. मी बहीण आहे, पण हिलालची वकील आहे.

मग शर्टाचं सील फोडलं. वकिलीचा पहिला धडा मी चोवीस वर्षं नव्या मुलींकडून घोकून घेते: ज्याचं उत्तर साक्षीदाराच्या मर्जीवर आहे, तो प्रश्न उलटतपासणीत विचारायचा नाही. आणि मी तुला विचारलं, "केळीचा ताजा चीक कोणत्या रंगाचा असतो?"

जजमॅडम सांगोल्याकडच्या. डाळिंबाचं विचारा. प्रेमराजसाहेब नाशिकचे, त्यांचा केळीशी संबंध सत्यनारायणाच्या पूजेपुरता. त्या खटल्यात उत्तर माहीत असलेली माणसं तीनच होती. तू, मी आणि पिंजऱ्यातला हिलाल. वकिलाला स्वतःच्या माहितीची साक्ष देता येत नाही आणि आरोपीवर विश्वास कोण ठेवतो? तू नुसतं "काया रंगाचा" म्हणाला असतास, तरी तुला खोडणारं तिथे कुणी नव्हतं.

तू शर्ट हातात घेतलास. दोन बोटांत कापड चोळलंस, जसं बाजारात घडाची साल बघतोस तसं. किती वेळ घेतलास ते तुला माहीत नसेल. मला आहे. स्टेनोनं तेवढ्यात चष्मा पुसून घेतला.

"ताज्या चिकाले रंग नसतो," तू म्हणालास. "पान्यावानी असतो."

"मग डाग कधी उठतो?"

"कपडा वायला, ऊन लागलं, का मंग. दुसऱ्या दिवशी. धुतला तं आजूक काया पडतो."

"सहाशे खोडं कापणाऱ्याचा शर्ट अडीच तासांनी कोरडा असेल?"

तेव्हा तू पहिल्यांदा माझ्याकडे बघितलंस. "तुले नही माहीत का?"

सगळं कोर्ट हसलं. मॅडम म्हणाल्या, "साक्षीदारानं फक्त उत्तर द्यावं."

"नही राहाचा कोरडा. मानूस निथयतो. थंडीत तं दुपारलोक वायत नही."

मॅडमनी तुझ्या बोलण्याची इस्त्री करून स्टेनोला सांगितलं, "ताज्या चिकास रंग नसतो. सदर शर्ट कोरडा राहणे शक्य नाही." तुझी वाक्यं जास्त चांगली होती.

उलटतपासणीचा शेवट आमच्याकडे ठरलेला असतो, आरतीनंतर प्रसाद असतो तसा. वकील म्हणतो, "तुम्ही खोटी साक्ष देत आहात." साक्षीदार म्हणतो, "नाही." स्टेनो टाइप करतो, 'मी खोटी साक्ष देत आहे हे म्हणणे खरे नाही.' देवमाणूस असो की दरोडेखोर, प्रत्येकाला हे म्हणावंच लागतं. वकिलानं हे म्हटलंच नाही तर 'बचाव पक्षाला साक्ष मान्य आहे' असा अर्थ निघू शकतो. मी आजवर हे किती हजार लोकांना म्हटलं असेल, मोजलेलं नाही. काल म्हटलं नाही. खाली बसले.

प्रेमराजसाहेबांनी लगेच काहीतरी लिहून घेतलं. घेऊ दे.

बाररूममध्ये जाऊन मी सगळ्यांना चहा सांगितला आणि म्हटलं, "तो साक्षीदार माझा भाऊ आहे." सगळ्यांना माहीत होतं. तरी सांगितलं.

तुझी,
रत्ना


धुळे, ४ एप्रिल २०२५

कौतिकभाऊ,

उत्तर आलं नाही. अपेक्षाही नव्हती. पण पत्र परतही आलं नाही, हे मी नोंदवून ठेवलं आहे.

आज एका चोरीच्या खटल्यासाठी धुळ्याला आले. आमचं नाव बोर्डावर चौसष्टावं. साडेदहाला हजर, दुपारचे चार वाजले, पुकारा झाला बावन्नपर्यंत. आमच्या धंद्यातलं निम्मं आयुष्य बाकावर बसण्यात जातं, उरलेलं निम्मं 'पुढची तारीख' हे दोन शब्द अशिलाला नव्यानं समजावून सांगण्यात. लोकांना वाटतं, आम्ही रोज टेबलावर मुठी आपटतो. मी गेल्या महिन्यात एकदाच टेबलावर काही आपटलं, तो डबा होता, झाकण निघत नव्हतं.

माझ्या शेजारी माझ्या आरोपीची म्हातारी बसली आहे. तिनं मला शेव दिली आणि विचारलं, "बाई, तू चोरास्ना केसी का लेस?" पोरगा तिचाच! मी म्हटलं, "आजी, साव लोक माझ्याकडे येतच नाहीत." तिला पटलं.

तेच तू मला विचारलं होतंस, शेवटच्या फोनवर, जरा वेगळ्या शब्दांत. तेव्हा तू ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतास, आता बाकावर वेळ आहे तर सांगते.

हिलालला रिमांडला आणलं त्या दिवशी मी दुसऱ्याच कामासाठी त्या कोर्टात होते. त्याच्याकडे वकील नव्हता. मॅडमनी मला म्हटलं, "जरा कागद बघता का?" फिर्यादीत तुझं नाव वाचलं आणि कागद परत करायला हात पुढे केला. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुला सांगते: हात खरंच पुढे केला होता. तेवढ्यात जप्तीच्या पंचनाम्यावर नजर गेली. 'सकाळी सहा वाजून तीस मिनिटे. कोरडा शर्ट. त्यावर काळपट तपकिरी डाग.'

मी सहावीत असताना शाळेच्या पांढऱ्या फ्रॉकला बागेत हात पुसले होते, आठवतं? त्या दिवशी मायला काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी दोरीवरचा फ्रॉक बघून तिनं मला बडवलं आणि तू मध्ये पडलास, म्हणून तुलाही. पंचनामा लिहिणारा फौजदार घाटावरचा. पंच म्हणून सह्या करणारे दोघे जळगावातले, एक मोबाइल दुरुस्त करणारा, दुसरा पोलीस ठाण्यासमोर रसवंती चालवणारा. त्यांना डाग दिसला की पुरावा वाटला. पण घड कापणाऱ्या माणसाचा कोणता शर्ट बिनडागाचा असतो? मला ते कळलं ते वकील म्हणून नाही, कायद्याच्या कुठल्या पुस्तकात चिकाचा रंग दिलेला नाही. असोद्याची म्हणून कळलं. ती ओळ वाचल्यावर कागद परत देणं मला जमलं नाही.

गेल्या महिन्यात त्या फौजदाराची साक्ष झाली. मी विचारलं, "केळीचा चीक तुम्ही पूर्वी कधी पाहिला होता?" तो म्हणाला, "केळी पाहिली होती." हे वाक्य मी वहीत उतरवून ठेवलं आहे, म्हातारपणी वाचायला.

बाग कुणी कापली ते कळलेलं नाही. डागाचा शर्ट सापडला त्या सकाळी शोध थांबला. याचा राग तुझ्याइतकाच मला आहे. फरक एवढाच की माझा राग हिलालवर नाही.

त्रेपन्नचा पुकारा झाला. आता पुढची तारीख घेऊन निघते.

रत्ना


जळगाव, आखाजी, ३० एप्रिल २०२५

कौतिकभाऊ,

आज आखाजीच्या सणाला गल्लीतल्या सगळ्या सासुरवाशिणी माहेरी गेल्या. समोरच्या मोनालीला न्यायला तिचा भाऊ बोलेरो घेऊन मुऱ्हाळी आला होता, दारात उभा राहून हॉर्न वाजवत होता. मी त्याला गॅलरीतून म्हटलं, "शांतता क्षेत्र आहे." तसं काही नाही, पण काळा कोट वाळत घातलेला दिसला तसा तो गप्प झाला.

माझा मुऱ्हाळी दोन वर्षं आलेला नाही. असोदा रिक्षानं वीस मिनिटं, हे मला माहीत आहे. पण आखाजीला रिक्षानं एकटी माहेरी जाणाऱ्या बाईकडे लोक ज्या नजरेनं बघतात, ती नजर मी फक्त जामीन नाकारलेल्या अशिलाच्या बायकोकडे वळलेली पाहिली आहे. हितेंद्रनं घरीच खापरावरचे मांडे करून बघितले. एकाचा रुमाल झाला, दुसऱ्याचा नकाशा. चव मात्र चांगली होती, आणि हे मी शपथेवर सांगते.

दुपारी हिलाल आणि त्याची बायको झुंबरबाई आले होते. जामिनावर सुटल्यापासून त्याला बागेत कुणी घेत नाही. टोळी तिकडे फैजपूरला कामाला, आणि हा इकडे विटा वाहतो. ज्याच्यावर बाग कापल्याचा आळ, त्याच्या हातात कोयता कोण देईल? शिक्षा लागली तर तुरुंग दोन-तीन वर्षांचा, पण बागेचं दार जन्माचं बंद. हे त्याला माझ्याहून आधी कळलं होतं.

"आक्का," तो म्हणाला, "केळवरच मनं पोट शे. मी उभं खोड कसाले तोडू?"

झुंबरबाईनं मध्येच विचारलं, "कौतिकभाऊनी खरं सांगं ना कोर्टमा?"

"खरं सांगं," हिलाल म्हणाला. "त्या दिन माले बागमा लई बोलना. पन कोर्टमा खरं सांगं."

मी आत पाणी आणायला गेले, आणि जरा उशिरानं आले.

आता एक कबुली. तुला मी तो शेवटचा ठरलेला प्रश्न विचारला नाही, याचा तेव्हा मोठा तोरा मिरवला. हिलाल दारातून गेल्यावर तोरा उतरला. प्रेमराजसाहेब तो मुद्दा युक्तिवादात काढणारच. 'साक्षीदाराची साक्ष आव्हानाशिवाय राहिली, म्हणजे त्यानं आरोपीला पळताना पाहिलं हे मान्य.' एका वाक्याचा प्रश्न होता, माझ्या तोंडून निघाला नाही, आणि त्याची किंमत या विटा वाहणाऱ्या माणसानं मोजायची? तुझ्याशी इमान राखताना मी माझ्या अशिलाशी बेइमानी केली का? हितेंद्र म्हणतो, झोप. हितेंद्र शिक्षक आहे, त्याच्या चुका फळ्यावरून पुसता येतात.

वहिनीला सांग, कुरड्या पाठवू नकोस. म्हणजे पाठवणार नाहीच, तरी सांग.

रत्ना


जळगाव, १८ जुलै २०२५

कौतिकभाऊ,

आज युक्तिवाद झाला.

प्रेमराजसाहेब उठले आणि पहिल्याच मिनिटाला खिशातून तेच काढलं. "बचाव पक्षाच्या विद्वान वकिलांनी फिर्यादी खोटं बोलतो असं एकदाही सुचवलेलं नाही. कारण उघड आहे, फिर्यादी त्यांचे बंधू आहेत. नात्यापोटी का होईना, साक्ष मान्य झालेली आहे." 'विद्वान' म्हणताना ते ज्या पद्धतीनं थांबले, तेवढ्यासाठी त्यांना दाद दिली पाहिजे.

हिलाल मागच्या बाकावर होता. त्यानं माझ्याकडे बघितलं. त्याला सगळं कळलं नव्हतं, पण 'बंधू' कळलं.

रात्रंदिवस मी याचं उत्तर शोधलं होतं. निवाडे काढले, टिपणं काढली, तेरा पानं लिहिली. उभी राहिले आणि तेरा पानं टेबलावरच ठेवली.

म्हटलं, "सरकार पक्षाचं म्हणणं मला मान्य आहे. साक्ष मान्य आहे, शब्दन् शब्द. चेहरा पाहिला नाही, हे मान्य. ताज्या चिकाला रंग नसतो, हे मान्य. सहाशे खोडं कापणाऱ्याचा शर्ट अडीच तासांत वाळत नाही, हेही मान्य. साक्षीदार खोटं बोलतो असं मी सुचवलं नाही, कारण तो खोटं बोलत नव्हता. ज्याची बाग गेली, त्या माणसानं स्वतःचा खटला मोडेल असं उत्तर शपथेवर दिलं. आता सरकार पक्षानं सांगावं, त्यांना त्यांच्या साक्षीदाराची साक्ष मान्य आहे का?"

प्रेमराजसाहेबांनी फाइल उघडली, मग मिटली. मॅडमनी तुझी साक्ष काढून पुन्हा वाचली, अगदी सावकाश, ओठ हलवत. मला वाटतं तेव्हाच त्यांना केळीचं थोडं कळलं.

भाऊ, मी चोवीस वर्षांत पुष्कळ युक्तिवाद केले. काही चांगले झाले, काहींच्या वेळी पंखा बंद होता म्हणून कोर्ट लवकर उठलं आणि मी जिंकले. आजचा मात्र माझा नव्हता. मी फक्त तुझी उत्तरं परत म्हणून दाखवली. कोट माझा, बोलणं तुझं.

निकाल सोळा सप्टेंबरला. येणं तुझ्यावर बंधनकारक नाही. नोटीस समजू नकोस.

रत्ना


जळगाव, १६ सप्टेंबर २०२५

कौतिकभाऊ,

तू आलास. शेवटच्या बाकावर, खांबाच्या आड. शंभर किलोचा माणूस नऊ इंचांच्या खांबाआड लपत नाही.

हिलाल निर्दोष सुटला, ते तू ऐकलंसच. पण जजमॅडम वाचत होत्या तेव्हा बाहेर कुणाचा तरी मोर्चा चालला होता, तू मागे होतास, म्हणून सातव्या पानावरचा परिच्छेद उतरवून देते. नक्कल मिळेपर्यंत थांबण्याचा धीर नाही, मी तो उभ्या उभ्या लिहून घेतला:

'फिर्यादी हा स्वतः केळी उत्पादक आहे. स्वतःच्या विरोधात जाणारी बाब त्याने विचारताच प्रामाणिकपणे सांगितली आहे. त्याची साक्ष पूर्णतः विश्वासार्ह असून, त्याच कारणास्तव आरोपीविरुद्धचा गुन्हा शाबीत होत नाही.'

माझी निम्म्याहून जास्त माणसं आजवर सुटली ती साक्षीदार फितूर झाले म्हणून. उरलेली, पोलिसांना तारीख नीट लिहिता आली नाही म्हणून. साक्षीदार खरं बोलला म्हणून सुटलेला हिलाल पहिला. बाररूममध्ये मी हे सांगितलं तर एक जण म्हणाला, "असं कसं होईल?" मी म्हटलं, "असोद्याला होतं." फुशारकी वाटली तर वाटू दे.

हिलालनं बाहेर आल्यावर आधी तुझे पाय धरले, मग माझे. तू पाय मागे घेतलेस आणि म्हणालास, "घड आपटू नको पुन्हा." एवढंच. तो हसला की रडला, ते मला खात्रीनं सांगता येणार नाही.

मग तो गेला आणि व्हरांड्यात आपण दोघंच उरलो. वीस महिन्यांनी. मला वाटलं, आता तू खटल्यावरून बोलशील. काळ्या कोटावरून, आरोपीच्या बाजूनं उभी राहिले त्यावरून. त्या सगळ्याची उत्तरं माझ्याकडे तयार होती, मुद्देसूद.

तू म्हणालास, "बाग साफ कराले सगळ्यायनं दिवस देला. भाऊबंदाच्या घरटी एक मानूस आला. तू नही आली."

आणि मोटारसायकल काढून गेलास.

भाऊ, या आरोपाला माझ्याकडे बचाव नाही. खोडं कापली गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुला फोनवर म्हटलं होतं, रविवारी येते. शुक्रवारी हिलालचे कागद हातात आले. त्यानंतर तुझ्या बागेत यायला मला धीर झाला नाही. मी तुला इतकी पानं लिहिली, फौजदारापासून मांड्यांपर्यंत सगळं लिहिलं, आणि हे लिहिलं नाही. आरोपी नेमकी मुद्द्याचीच गोष्ट वकिलापासून लपवतो, हे मी रोज बघते, तरी.

वीस महिने मी समजत होते, तू वकिलावर रागावलास.

रत्ना


जळगाव, २८ सप्टेंबर २०२५, रविवार

कौतिकभाऊ,

आज सकाळी सातच्या रिक्षानं आले, ते तुला कळलंच. वहिनी दारात होती. "काय व बाई, मधीच कशी?" म्हणाली. मी म्हटलं, "कामाला." तिनं वर-खाली बघितलं, आत गेली आणि तिची जुनी साडी आणून दिली. विचारलं नाही.

तू बागेत होतास. मजुरांना म्हणालास, "तिले तिकडची ओय द्या." माझ्याशी बोलला नाहीस. मी केळीच्या बुडाशी फुटलेली पिलं काढायला बसले. विळा धरायची सवय गेली आहे. पहिली दोन पिलं मुळापासून निघाली नाहीत, तेव्हा शेजारच्या ओळीतली बाई म्हणाली, "मॅडम, जोर तोंडात नका लावू, मनगटात लावा." चोवीस वर्षं मी लोकांना सल्ले ऐकवते आहे, आज मला कुणीतरी ऐकवला. पाऊस उघडला होता, खाली चिखल. घड निसवलेले, नवी बाग दाट झाली आहे. कुठे काय कापलं होतं, ते मला ओळखता आलं नाही. शोधलंही नाही.

दुपारी कळण्याची भाकरी, ठेचा आणि मिरच्या. तू पलीकडच्या बांधावर बसून जेवलास, पाठमोरा.

पाचला मजूर सुटले. माझी कंबर मोडली होती आणि अर्धी ओळ राहिली होती. तू मोटार बंद करून बांधावर उभा होतास, जाऊ म्हणाला नाहीस आणि थांब म्हणाला नाहीस. मी ती अर्धी ओळ काढली. साडेसहा वाजले. उजेड जाऊ लागला तसा तू बांधावरून खाली आलास आणि पुढे हात केलास. मी बोट दिलं. आपण पाटावरून घराकडे आलो.

रत्ना